'नाही' म्हणण्यापूर्वी

दिवाळीच्या चार दिवसांत कोणाशी भांडू नये, अशी आमच्या आईची सक्त ताकीद असे. भांडण पोटात अगदीच मावेनासे झाले, तर ते भाऊबीज उलटल्यावर बाहेर काढावे, असे ती म्हणे. तिची आज्ञा मी आज मोडणार आहे, आणि तीही तुमच्या फराळाच्या ताटाशेजारी बसून. वाचकांनी क्षमा करावी. माझे भांडण तुमच्याशी नाही. ते दोन ओळींशी आहे, आणि त्या दोन ओळी लिहून हात झटकणाऱ्या मंडळींशी आहे.

एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात मी एकतीस वर्षे ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो, तरी सकाळी पाय तिकडेच वळतात. वाचनालयाने आपले जुने अंक आणि नोंदवह्या मागेच स्कॅन करून घेतल्या होत्या. गेल्या मार्गशीर्षात एका कंपनीकडून त्यांवर एक 'एआय मदतनीस' बसवून घेतला. संगणकासमोर बसायचे, साध्या मराठीत विचारायचे, की तो आपण होऊन कागदपत्रे धुंडाळतो आणि उत्तर देतो. उद्घाटनाचा पेढा मीही खाल्ला; खोटे कशाला बोलू?

पौषात एक बाई एस.टी.ने परगावाहून आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची आई मरेपर्यंत सांगत असे, की १९५६ साली एका दिवाळी अंकात तिची एक कथा छापून आली होती. कथेचे नाव 'तुळशीचे लग्न'. अंकाचे नाव तिला धड आठवत नसे, आणि घरात प्रत नव्हती. घरात हे कोणी खरे मानले नाही. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बाईची कथा छापतो कोण? एकटी ही लेक तेवढी आईची बाजू घेई. आमच्याकडे जुन्या दिवाळी अंकांचा मोठा साठा आहे, असे कोणाकडून तरी कळले, म्हणून ती माउली या वयात चार तासांचा प्रवास करून आली होती.

मदतनिसाला विचारले. क्षणभरात उत्तर आले: १९५६ सालचा कोणताही दिवाळी अंक या संग्रहात नाही, या लेखिकेची किंवा या नावाची कथाही संग्रहात नाही. बाईंनी चष्मा पिशवीत ठेवला, 'बरं, असू दे,' म्हणाल्या, आणि निघून गेल्या. मी शेजारीच वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. मी उठून कपाट उघडायला हवे होते. उघडले नाही. इतक्या ठामपणे आणि इतक्या अदबीने दिलेल्या उत्तरापुढे माझी एकतीस वर्षांची सवय गप्प बसली. या भांडणातला पहिला आरोपी मीच आहे, हे आधी कबूल करतो.

गणपतीच्या आधी वाचनालयाची झाडलोट निघाली. वरच्या फळीवरचा एक बांधीव खंड झटकताना माझ्या हातात उघडला, आणि समोर मथळा होता: 'तुळशीचें लग्न'. खाली लेखिकेचे नाव होते ते माहेरचे. सासरी कळू नये, म्हणून बिचारीने ते घातले असावे. मी बाईंना फोन केला. पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे आठ महिने मी आईला खोटी समजत होते."

त्या एका वाक्याने माझी झोप उडवली.

गणपतीला पुतणी घरी आली. ती पुण्याला सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. तिला मी सगळी हकिकत सांगितली आणि विचारले, "अगं, एवढे शहाणे यंत्र, त्याला समोरचा खंड दिसू नये?"

"काका," ती म्हणाली, "त्याला काहीच दिसत नाही. ना तुमचे कपाट, ना तुमची नोंदवही. त्याला दिसते ती फक्त अवजारांची यादी."

मग तिने समजावून सांगितले, ते मला कळले तसे सांगतो. हे भाषेचे यंत्र स्वतः कोठे जात नाही. त्याच्या हाताशी काही अवजारे दिलेली असतात. यांना ती मंडळी 'टूल' म्हणतात. एक अवजार नोंदवहीत पाहते, दुसरे पानांतला मजकूर पाहते, तिसरे सापडलेले पान आणून देते. प्रत्येक अवजाराबद्दल यंत्राला तीन गोष्टी कळतात: त्याचे नाव, साध्या भाषेत लिहिलेले त्याचे वर्णन, आणि ते वापरताना भरावयाचे रकाने. जून २०२३ मध्ये ओपनएआय कंपनीने ही सोय आपल्या ग्राहकांना दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची खुली पद्धत जाहीर केली. दोन्हीकडे गाभा याच तीन गोष्टींचा. अवजाराच्या पोटातला कोड यंत्राच्या दृष्टीस पडत नाही. ते वर्णन वाचते, त्यावर विसंबून अवजार निवडते, रकाने भरते, आणि परत आलेल्या उत्तरावरून तुमच्याशी बोलते. म्हणजे नवख्या गावात उतरलेल्या माणसाला कोणी चिठ्ठी लिहून द्यावी, तसे ते वर्णन. चिठ्ठीत असेल तेवढेच गाव!

आता आमच्या मदतनिसाला मिळालेली चिठ्ठी पाहा. पहिल्या अवजाराचे वर्णन: 'संग्रहातील अंक शोधते.' दुसऱ्याचे: 'संग्रहातील मजकूर शोधते.' आणि वर्षाच्या रकान्याचा खुलासा: 'अंकाचे वर्ष.' संपले. हेच ते माझे भांडण.

आमच्या जुन्या नोंदवह्यांत वर्ष शकात लिहिण्याची रीत होती. १९५६ च्या दिवाळीचा अंक तिथे शके १८७८ म्हणून नोंदलेला आहे. यंत्राने बाईंनी सांगितलेले १९५६ प्रामाणिकपणे रकान्यात भरले. शून्य नोंदी आल्या. मग त्याने दुसरे अवजार उचलले आणि 'तुळशीचे लग्न' हे शब्द शोधले. ते अवजार अक्षराला अक्षर जुळवून पाहणारे. आणि अंकात छापले होते 'तुळशीचें', डोक्यावर टिंब देऊन. महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि न उच्चारली जाणारी ती टिंबे छापील मराठीतून गेली. पण १९५६ चा अंक १९६२ चे नियम कसे पाळणार? पुन्हा शून्य. शेवटी सासरचे नाव घालून पाहिले, तेथेही शून्य. आणि वर्णन तर छातीठोकपणे सांगत होते, की हे अवजार 'संग्रहातील अंक' शोधते. मग त्याने 'संग्रहात नाही' असेच म्हटले, यात नवल काय? त्या वाक्यावर विश्वास ठेवणाऱ्या कोणीही तेच म्हटले असते. खोटे यंत्र बोलले नाही; ते दोन ओळी बोलल्या.

आम्ही कंपनीला कळवले. उत्तर आले: 'मॉडेलची पुढची आवृत्ती अधिक बुद्धिमान असेल, तेव्हा या अडचणी राहणार नाहीत.'

वाचकहो, हे उत्तर तुम्ही पूर्वी ऐकले आहे. आपल्याच स्वयंपाकघरात ऐकले आहे. आमच्या वहिनींनी परदेशी असलेल्या सुनेला चकलीची कृती लिहून पाठवली: 'भाजणीत मोहन घालून पीठ भिजवावे.' किती मोहन, ते लिहिले नाही. सुनेने प्रेमाच्या माणसांसाठी घालावे तसे भरपूर घातले, आणि चकल्या तेलात विरघळून गेल्या. वहिनी म्हणाल्या, "एवढंही कळू नये?" कसे कळावे? सून डॉक्टरेट झालेली आहे. बुद्धी कमी पडली नाही. वाटीचे माप कमी पडले. जे सांगितलेच नाही, ते बुद्धीने उत्पन्न होत नाही. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून घराघरांत जे स्थान मिळवले, त्यात वाटी-चमच्याच्या मापांचा वाटा मोठा होता. त्या बाईंनी 'पुढच्या पिढीतल्या सुना अधिक हुशार असतील' म्हणून मापे गाळली नाहीत!

तीच गोष्ट इथे. एखादे चतुर यंत्र शकाची शंका घेईलही. पण ती त्याची कृपा म्हणायची. आमच्या नोंदवहीत निम्मेच जुने अंक चढलेले आहेत, उरलेले नुसते फळीवर आहेत, ही गोष्ट जगातल्या कोणत्या बुद्धीला अंतर्ज्ञानाने कळणार आहे? ती फक्त आम्हाला ठाऊक होती. आणि आम्ही ती लिहिली नव्हती.

दुसरी एक जात आहे, ती उलट्या टोकाची. तिच्या वर्णनात शब्दांचा तुटवडा नसतो: 'अत्याधुनिक, सर्वंकष आणि शक्तिशाली शोध-सुविधा.' ही दुकानावरची पाटी झाली. अवजार उचलणाऱ्याला यातून काय कळले? कोणत्या कागदांत शोधते? कोणत्या सालापासून? शब्द जुळवते की अर्थ जुळवते? किती नोंदी परत देते? एकाही प्रश्नाला उत्तर नाही. बढाई मारणारे वर्णन मुक्या वर्णनापेक्षा वाईट, कारण ते यंत्राला 'नाही' म्हणण्याचे अधिक बळ देते.

आणि तिसरी जात म्हणते, 'हे लिखाण माणसे थोडेच वाचतात? यंत्रासाठी तर आहे.' म्हणून ते काम सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत नवख्या पोराकडे, घरी जाण्याच्या घाईत सोपवले जाते. माणसे वाचत नाहीत, हे खरे. पण त्याचे फळ माणसे भोगतात. त्या बाईंनी ते वर्णन कुठे वाचले होते?

ही सगळी नवी विद्या आहे, जुन्या लोकांनी तिच्यात नाक खुपसू नये, असे कोणी म्हणेल. तर ऐका. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथसूचीसाठी अँटोनियो पानिझी यांनी १८४१ साली एक्याण्णव नियम छापले, तेव्हाही एका यादीला इतके नियम कशाला, म्हणून नाके मुरडली गेली. आपल्या रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दलचा आहे. आणि शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' काढून पाहा. नावासोबतच लिहिले आहे: १८०० ते १९३७. म्हणजे उघडण्याआधीच ती सांगते, की १९३८ चे पुस्तक माझ्यात नसले तर ते जगात नाही असे समजू नका. याला म्हणतात वर्णन. आम्ही सूचीच्या कार्डांवर आयुष्यभर 'पाहा' लिहीत आलो: टोपणनावाच्या कार्डावर 'खरे नाव पाहा', 'कुलाबा' या कार्डावर 'रायगड पाहा', कारण त्या जिल्ह्याचे नाव १९८१ साली बदलले. ते 'पाहा' म्हणजे काय होते? चिठ्ठीच होती, समोर नसलेल्या, पुन्हा विचारू न शकणाऱ्या वाचकासाठी लिहिलेली. विद्या तीच आहे. वाचक बदलला.

वाचनालयाच्या कार्यवाहांनी आग्रह धरला, तेव्हा कंपनीने ती वर्णने आम्हाला बदलू दिली. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पुतणी आणि मी दुपारभर बसलो. पहिल्या अवजाराचे नवे वर्णन असे झाले:

'वाचनालयाच्या नोंदवहीत (अंकाचे नाव, वर्ष, लेखाचे शीर्षक, लेखक) शोध घेते. अंकांच्या पानांतला मजकूर शोधत नाही. त्यासाठी मजकूर-शोध वापरावा. वर्ष इसवी सनात, चार आकड्यांत द्यावे, उदाहरणार्थ १९५६. नक्की ठाऊक नसेल तर रकाना रिकामा सोडावा. जुन्या लेखिकांची नावे माहेरची, सासरची किंवा टोपण असू शकतात. एका नावाने न मिळाल्यास दुसऱ्याने पाहावे. एका वेळी दहा नोंदी येतात, सोबत एकूण संख्या येते. पुढच्या दहांसाठी पान-क्रमांक द्यावा. १९६१ पूर्वीच्या अंकांपैकी सुमारे निम्मे अद्याप नोंदवहीत नाहीत. म्हणून शून्य नोंदी आल्यास "नोंदवहीत सापडले नाही, फळीवर पाहावे लागेल" असे सांगावे. "संग्रहात नाही" असे सांगू नये.'

यात अलंकार नाही, की विद्वत्ता नाही. अवजार काय करते, काय करत नाही, केव्हा दुसरे उचलावे, रकान्यात काय आणि कशा रूपात भरावे, परत काय येते, आणि रिकाम्या हाताने आल्यास त्याचा अर्थ काय, एवढेच आहे. माझ्या मते यातले शेवटचे वाक्य सगळ्यांत मोलाचे.

प्रामाणिकपणे सांगायचे, तर सगळेच वर्णनाने भागले नाही. नोंदवहीतला शक आणि विचारणाऱ्याचा इसवी सन यांचा मेळ घालणे यंत्राच्या गळ्यात कशाला? इसवी सन दिला की त्यातून ७८ आणि ७९ वजा करून दोन्ही शकवर्षांत पाहणे, हे अवजाराने स्वतःच करावे. पुतणीने तसे करवून घेतले. अनुस्वाराचेही तेच. 'टिंब देऊन आणि न देता, दोन्ही तऱ्हांनी शोधावे' असे आम्ही वर्णनात लिहिले होते. तरी पहिल्या चाचणीत यंत्राने एकाच तऱ्हेने शोधले. मग मजकूर-शोधालाच ते टिंब दुर्लक्षायला शिकवले, आणि वर्णनातले ते वाक्य काढून टाकले. गळके भांडे असेल तर 'हे गळते' अशी चिठ्ठी चिकटवण्यापेक्षा कल्हईवाल्याकडे न्यावे. वर्णन हे पुराणही होता कामा नये. अवजारांची सगळी वर्णने प्रत्येक संभाषणात यंत्राच्या वाचनात येतात आणि त्याच्या मर्यादित जागेतला वाटा खातात. पण भांडे दुरुस्त होईपर्यंत चिठ्ठी हवीच. ती न लावणे हा अपराध आहे.

मग परीक्षा. मी बारा प्रश्न काढले. दहांची उत्तरे मला तोंडपाठ होती. दोन मुद्दाम अशा गोष्टींचे, ज्या आमच्याकडे कुठेच नाहीत. कारण नसलेल्या गोष्टीबद्दल यंत्र काय बोलते, त्यात त्याची खरी कसोटी. वर्णनातला एक शब्द बदलला, की बाराही प्रश्न पुन्हा विचारायचे. शिवाय ते वर्णन शेजारच्या मुलीला वाचायला दिले. ती वाचनालयाची पायरी कधी चढलेली नाही. तिने विचारले, "नोंदवही आणि पाने वेगळी असतात का?" त्या प्रश्नापायी आम्ही पहिली दोन वाक्ये पुन्हा लिहिली. लिहिणाऱ्याला आपले घर इतके पाठ असते, की अंधारात पायरी आहे हे सांगायचे तो विसरतो. परक्याला आधी चालवून पाहावे.

तुम्ही म्हणाल, 'आम्हाला याचे काय? आमचे वाचनालय नाही आणि आमच्याकडे यंत्र नाही.' नसेल. पण जिथे तुमचे कागद आहेत, तिथे उद्या हेच मदतनीस बसणार आहेत. सातबाऱ्याचा उतारा, वडिलांच्या पेन्शनचा आदेश, आजोबांच्या जन्माची नोंद, आजारपणाचे जुने रिपोर्ट. यांतल्या कशाबद्दल तरी एक नम्र आवाज तुम्हाला सांगेल, 'नाही.' त्या दिवशी चष्मा पिशवीत ठेवू नका. विचारा: 'कुठे पाहिलेस? कोणत्या सालापासूनचे पाहिलेस? कोणते नाव घालून पाहिलेस? आणि जिथे पाहिलेस, तिथे सगळे आहे असे तुला कोणी सांगितले?' नीट वर्णने मिळालेला मदतनीस या प्रश्नांची उत्तरे देईल. ज्याला देता येणार नाहीत, त्याचा 'नाही' मानू नका. काउंटरमागच्या माणसाला उठवा.

आणि ती वर्णने लिहिणाऱ्या तरुण मंडळींना, त्यांत माझ्या पुतणीसारखी गुणी मुले पुष्कळ आहेत, माझे हात जोडून सांगणे आहे. तुम्ही हजारो ओळींचा कोड लिहिता आणि त्यावर दिवसरात्र खपता. त्याबद्दल मला आदर आहे. पण तुमच्या सगळ्या खटाटोपातून त्या यंत्राच्या वाचनात येतात त्या चारच ओळी. त्या शेवटी लिहू नका. जमले तर वाचनालयातल्या म्हाताऱ्याला, रेकॉर्ड-रूमच्या शिपायाला, जो कोणी ते कागद वर्षानुवर्षे हाताळतो त्याला शेजारी बसवून लिहा. शक कुठे आहे, टिंब कुठे आहे, कोणती फळी अजून नोंदवहीत चढलेली नाही, हे त्याला ठाऊक आहे. तो निवृत्त होण्याआधी विचारून घ्या.

'तुळशीचें लग्न' या कथेच्या प्रती मी बाईंना टपालाने पाठवल्या. त्यांनी चार मागितल्या होत्या. तीन भावंडांना आणि एक स्वतःला. भाऊबीजेला सगळी एकत्र जमणार आहेत, तेव्हा मोठ्याने वाचायची, असे त्यांनी ठरवले आहे. फळीवरचे उरलेले अंक नोंदवहीत चढवायला मी घेतले आहेत. रोज सकाळी दहा ते बारा. ते पुरे होईपर्यंत वर्णनातले शेवटचे वाक्य काढायचे नाही, असे पुतणीला बजावून ठेवले आहे.